दुसरं पाणी

आक्का, परवा दुपारी मी तुमच्या भावाला चोथ्याचा चहा पाजला.

तुम्ही असतात तर आधी माझ्याकडे रोखून बघितलं असतंत आणि मग पदर तोंडाला लावून हसल्या असतात. आपल्या घरात चोथ्याचा चहा म्हणजे काय, हे तुम्हाला आणि मला जेवढं ठाऊक होतं तेवढं अख्ख्या केजमध्ये कुणाला नव्हतं. त्या एका चहावरून मी, तुमची सख्खी धाकटी जाऊ, नऊ वर्षं तुमच्याशी धड बोलले नाही. चूल वेगळी केली. आणि चूक माझीच होती हे कळल्यावरही पुढची पाच वर्षं रोज तुमच्या शेजारी बसून चहा प्यायले, पण ‘आक्का, माझं चुकलं’ एवढे तीन शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. आज तुम्हाला जाऊन अकरा दिवस झाले. शाळेत तिसरीच्या पोरांना मी रोज सांगते, चूक झाली की लगेच कबूल करावी. पोरं ऐकतात बिचारी.

मी अंबाजोगाईच्या मास्तरांची पोर. आमच्याकडे चहाचा चोथा गुलाबाच्या कुंडीत जायचा. तुमच्या घरात सून म्हणून आले आणि बघते तर काय, दुकानात खुल्या चहाची खोकीच्या खोकी, आणि घरात पूड कुलपात. किल्ली सासूबाईंच्या कमरेला. सकाळी त्या पूड काढून द्यायच्या. तिचा पहिला चहा पुरुषांना, आणि त्याच चोथ्यावर पाणी ओतून उकळलेला तांबूस काढा आपल्या दोघींना. तुम्ही तो बशीत ओतून, फुंकर मारत मजेत प्यायचात. मला वाटायचं, चुलीपुढे बसणारी बाई पहिल्यातला घोट आधीच गुपचूप घेत असणार, म्हणून ही एवढी खुशीत. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. एकदा मनात घेतलं की मी पुराव्याच्या भानगडीत पडत नाही.

दुसऱ्या वर्षी माझे वडील आले. आप्पा बीडला निघाले होते, वाटेत लेकीला बघायला तासभर केजला उतरले. सासूबाई बारशाला धारूरला गेलेल्या, भाऊजी आणि हे माल आणायला लातूरला, दुकानाला कुलूप. मी मागच्या बाजूला धुणं वाळत घालून आले आणि दारातूनच बघितलं. तुम्ही सकाळच्या चोथ्यावर पाणी ओतलंत, उकळी आणलीत, गाळलंत आणि कप आप्पांच्या हातात दिलात. आप्पांनी तो संपवून वर आणखी अर्धा कप मागून घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते एसटीत बसले तशी मी तुमच्यापुढे येऊन उभी राहिले. ‘माझ्या वडलांना चोथा पाजला तुम्ही. हे मी मरेपर्यंत इसरणार न्हाई.’

तुम्ही भांडी घासत होतात. मान वर न करता म्हणालात, ‘नगं इसरू.’

बस, तेवढंच. सहा महिन्यांत मी ह्यांच्या मागे लागून चूल वेगळी केली. दुकान एक, अंगण एक, चुली दोन. दिवाळीला तुमच्याकडून फराळाचं ताट यायचं. मीही ते रिकामं परत करायचे नाही, पण द्यायचे उंबऱ्याबाहेरूनच. तुमची रेखा तेव्हा शाळेत होती. ‘काकू, आत या की’ म्हणून ओढायची. मला गहू निवडायचे असायचे. नऊ वर्षांत मी किती गहू निवडले त्याला गणती नाही.

सासूबाई गेल्यानंतरच्या वर्षी मी माहेरी गेले होते. आईनं सहज विचारलं, थोरल्या जाऊबाई कशा आहेत. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘ज्या बाईनं आप्पाला चोथा पाजला तिचं नाव काढू नको.’ आप्पांनी हातातला पेपर खाली ठेवला.

‘तुला कुणी सांगितलं?’

‘मी डोळ्यांनी बघितलंय.’

‘मग कानांनी ऐकलं न्हाईस,’ आप्पा म्हणाले.

त्या दिवशी ते हात धुवायला आत आले तेव्हा तुम्ही हात जोडून उभ्या होतात म्हणे. ‘काका, घरात पूड न्हाई. सासूबाई किल्ली घिऊन गेल्यात. आमी चहा इकनारी मान्सं, शेजारी मागाया गेले तर घराची शोभा व्हईल. चोथ्याचा हाय, चालंल का? आन् सुमनला सांगू नगा. तिला सासरची लाज वाटंल.’ आप्पांनी शब्द दिला आणि सासूबाई असेपर्यंत पाळला. दुसरा अर्धा कप का मागितला, तर त्या पोरीला वाटू नये की पाहुणा तोंड वाकडं करून गेला. हे सांगताना आप्पांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

परत आले. दोन दिवस दोन वाक्यं पाठ करत होते. रविवारी सकाळी न्हाऊन, सणाची इरकल नेसून, अंगण ओलांडून तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला. नऊ वर्षांनी.

तुम्ही स्टोव्हपुढे कढई ठेवून घाबऱ्याघुबऱ्या बसलेल्या. मला बघून जरासुद्धा नवल केलं नाहीत. चमचा पुढे केलात आणि म्हणालात, ‘सुमन, चाखून बघ गं. मला मेलं चवच कळंना.’

मी चाखलं. एवढं कडू मी जन्मात खाल्लं नव्हतं. काय प्रकार आहे विचारलं तर कळलं की जावईबापू थायलंडहून आले होते. रेखाचं लग्न होऊन वर्ष झालेलं, जावई तिकडे सुताच्या गिरणीत. घाईत एक पत्र्याचा डबा देऊन गेले आणि म्हणाले, ‘तिथल्या डोंगरातला आहे, पाण्यात टाकला की उघडतो.’ तुम्ही डबा उघडलात. आत हिरव्याकाळ्या गोळ्या, हरभऱ्याएवढ्या. परदेशातलं कडधान्य असेल म्हणून तुम्ही ते रात्री भिजत घातलंत आणि मटकीसारखे मोड यावेत म्हणून फडक्यात बांधून ठेवलंत. सकाळी फडकं सोडलं तर मोड नाहीतच, नुसती पानंच पानं. मग काय, पालेभाजी. लसूण, हिरवी मिरची, वरून शेंगदाण्याचं कूट.

मी डबा फिरवून बघितला. अक्षरं कसलीतरी वेटोळी, पण खाली वाफ निघणाऱ्या कपाचं चित्र होतं.

‘आक्का, ह्यो चहा हाय.’

तुम्ही चित्राकडे बघितलंत, कढईकडे बघितलंत. ‘फोडणी दिली की गं,’ म्हणालात.

मग जे हसू सुटलं ते आवरेना. तुम्ही भिंतीला टेकलात, मी उंबऱ्यातच बसकण मारली, डोळ्यांतून पाणी. भाऊजी दुकानातून आत आले. दोघी सुना एका खोलीत हसताना बघून ते सरळ जेवायला बसले आणि ती भाजी चार भाकरींबरोबर मुकाट खाऊन गेले. त्या रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. आणि माझी पाठ केलेली दोन वाक्यं त्या हसण्यात कुठे वाहून गेली ते कळलं नाही. म्हटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. सांगायलाच गेले होते, खरंच.

पुढे जावईबापूंचं कृतीचं पत्र आलं. पाणी खळखळा उकळू द्यायचं नाही, तळाशी बारीक बुडबुडे धरले की उतरवायचं. एकदा पानांवरून पाणी फिरवून टाकून द्यायचं, मग नव्यानं ओतून झाकायचं. दूध नाही, साखर नाही. ‘मग ह्याला चहा कावून म्हनायचं?’ तुम्ही विचारलंत. पण जावयाचा शब्द, म्हणून केलंत. पहिले आठ दिवस तो चहा गढूळ आणि तुरट लागला, वर तवंग. मी म्हणाले पानंच जुनी आहेत. तुम्ही नवव्या दिवशी महादेवाच्या देवळामागच्या गोड्या विहिरीतून कळशी भरून आणलीत, कारण आपल्या बोअरच्या पाण्यात डाळसुद्धा शिजत नाही, तर ते परदेशी पान काय शिजणार. त्या दिवशी चहा पहिल्यांदा सोन्यासारखा उतरला. शिकलेली मी, आणि पाणी ओळखलंत तुम्ही.

किटली नव्हती. लिंबाच्या लोणच्याची छोटी चिनी मातीची बरणी तुम्ही राखेनं आणि चिंचेनं चार वेळा घासलीत, तरी पहिल्या चहाला लोणच्याचा वास आलाच. चहा मुरायला किती वेळ ठेवायचा यावर आपलं रोज वाजायचं. मी मनगटावरच्या घड्याळात तीन मिनिटं बघायचे. तुम्ही डोळे मिटून ‘नमः शिवाय’ म्हणत अर्धी माळ ओढायच्या. सकाळी लिंगपूजेआधी पाण्याचा थेंब न घेणाऱ्या तुम्ही, तुमची माळ संध्याकाळी चहाच्या कामाला लागलेली बघून मला गंमत वाटायची. माझा चहा कधी कडवट व्हायचा, तुमचा कधी नाही.

पहिलं पाणी तुम्ही मला द्यायच्या. मग त्याच पानांवर दुसरं ओतायच्या आणि ते स्वतः घ्यायच्या. ‘ह्यातलं बी घे गं घोटभर. चव दुसऱ्यातच हाय. पहिल्यानं नुसती पानं जागी व्हत्यात.’ आणि मी म्हणायचे, ‘मी चोथ्याचा पीत न्हाई.’ हसत म्हणायचे. पण आक्का, त्या वाक्याचं टोक मी बोथट केलं नव्हतं. सगळं माहीत झाल्यावरसुद्धा, पाच वर्षं, मी तेच वाक्य तुम्हाला रोज ऐकवलं. जीभ वळलेली होती, आणि ती वळण सोडायला तयार नव्हती. तुम्ही ‘बरं’ म्हणून बशी तोंडाला लावायच्या. आज ते ‘बरं’ माझ्या कानातून जात नाही.

दुसरं भांडण वासाचं. मी म्हणायचे, ह्याला आंब्याच्या मोहोराचा वास आहे. तुम्ही म्हणायच्या, हुरड्याचा. ‘आगटीतून काढलेलं कणीस हातावर चोळल्यावानी. तुला नाक न्हाई.’ मी म्हणायचे, तुम्हाला माहेरच्या, माजलगावच्या ज्वारीशिवाय काही सुचत नाही. कितीतरी संध्याकाळी त्यात गेल्या. बाहेर आपल्या दुकानात खुला चहा विकला जाईनासा झाला होता, लोक टीव्हीत बघून कंपनीच्या पाकिटाचं नाव घेऊन यायचे, शाम्पूच्या पुड्यांच्या माळा दारात लोंबायला लागल्या होत्या, भाऊजी आणि हे त्या काळजीत. आणि आत आपण दोघी, मोहोर की हुरडा. एका दिवाळीला जावयांनी सांगितलं की तिकडची डोंगरातली माणसं ही पानं मुरवून चघळतात, खातातसुद्धा. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू बोर्डात पहिल्या आलात. ‘मंग माझी भाजी काय वाईट हुती?’ त्यानंतर उरलेला चोथा तुम्ही टाकला नाहीत, आमटीत चिरून घालायला लागलात. भाऊजींच्या ताटात मात्र ती आमटी फक्त दुपारी.

मग तिकडचा पैसा घसरला, गिरणी बंद पडली, जावई औरंगाबादला परत आले. शेवटचा डबा तेव्हाचा. तुम्ही तो पुरवून पुरवून वापरलात. चिमूटभर पान, आणि त्यावर तिसरं पाणी, चौथं पाणी. माझं पहिलं मात्र पातळ होऊ दिलं नाहीत.

तुम्ही लिंगैक्य झालात त्या दिवशीचं मी काही लिहीत नाही. तुम्हाला विभूती लावून, गळ्यात बेलाची माळ घालून, आपल्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणे ओसरीवर बसतं केलं होतं, तेवढं सांगते. तुम्ही रोज चहाला बसायच्या तशाच बसलेल्या, जराशा भिंतीला रेलून. साडेचार वाजत आले होते. त्या गर्दीत मला वाटलं, आता तरी सांगून टाकावं. पुढे झाले, तुमच्या पायावर हात ठेवला, आणि शब्द आले नाहीत. रडू आलं. दोन्ही एकदम मला कधी जमलंच नाही.

परवा रेखा म्हणाली, ‘काकू, आईचा चहा करा ना.’ पोरीनं दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. डब्यात शेवटची मूठ होती, ती सगळी बरणीत टाकली. पाणी गोड्या विहिरीचं. घड्याळ काढून ठेवलं आणि तुमची अर्धी माळ ओढली. पहिलं पाणी आम्ही दोघींनी वाटून घेतलं. तिला जरा डोळा लागला, आणि तेवढ्यात अंगणात तुमचे भाऊ, अण्णा. माजलगावच्या एसटीनं उन्हाचे आलेले, पायावर धूळ. नऊ दिवसांच्या आल्यागेल्यात दोन्ही चुलींवरची पूड संपलेली. भाऊजी आणि हे कागदपत्रांसाठी तहसीलला, दुकानाची किल्ली त्यांच्याकडे. शेजारी मागावं, तर चहा विकणारं घर.

मी बरणी हातात धरून उभी राहिले, आक्का. तुम्ही जिथे उभ्या होतात तिथेच. एवढ्याशा जागेत उभं राहायला मला इतकी वर्षं लागली.

पाणी ओतलं, कप अण्णांपुढे ठेवला आणि म्हणाले, ‘अण्णा, घरात पूड न्हाई. चोथ्याचा हाय. चालंल का?’

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. ‘आमच्या ताईनं तुमच्या वडलाला हेच म्हनलं व्हतं न्हवं?’

मी खाली बसले आणि मग काही राहिलं नाही. आप्पांचं, नऊ वर्षांचं, पाठ केलेल्या दोन वाक्यांचं, सगळं सांगितलं. जे तुम्हाला सांगायचं ते तुमच्या भावाला सांगितलं. अण्णांनी कप हातात धरून ऐकून घेतलं.

‘ताईला ठावं व्हतं,’ ते म्हणाले. ‘त्या वर्षी पंचमीला म्हायेरी आल्ती तव्हा म्हनली, सुमन आली माझ्या चुलीपशी. सनाची इरकल नेसून आल्ती. बापाकडून येऊन दोनच दिस झालते. म्या काय वळखत न्हाई व्हय तिला? पर म्या तिला बोलूच दिलं न्हाई. भाजीचा चमचाच फुडं केला.’

‘का पण?’ मी विचारलं.

‘म्या बी तेच इचारलं. तर म्हनली, माफी मागून मोकळी झाली असती तर आपल्या खोलीत गेली असती, पुना आली नसती. लई ताठ हाय ती. आता सांगायचं ऱ्हायलं म्हनून रोज येती.’

आक्का, तुम्ही मला पाच वर्षं फसवलंत. एवढी शिकलेली मी, आणि माझी दोरी तुमच्या हातात. मला तुमचा रागही आला, खोटं कशाला सांगू. एकदा नुसतं विचारलं असतंत तरी मी बोलले असते. आणि मग, तुम्ही म्हणता तसं, गेले असते.

अण्णांनी घोट घेतला. थांबले. परत घेतला. ‘ह्याला हुरड्याचा वास येतुय गं,’ म्हणाले.

मी आत गेले. बरणीत दुसरं पाणी अजून घोटभर होतं. तुमच्या बशीत ओतलं आणि उभ्यानंच प्यायले, ह्या पानांचं दुसरं पाणी, जन्मात पहिल्यांदा. आगटीतून काढलेलं कणीस हातावर चोळावं तसा वास आला. गोडसर, धुरकट, नाकापर्यंत. तुम्ही खोटं बोलत नव्हतात, आणि मलाही नाक होतं. आपण दोघी एका बरणीतला चहा पीत होतो, पण वेगवेगळं पाणी.

हुरडा दुसऱ्यात होता, आक्का. मोहोर पहिल्यात असतो. तो रोजच्या रोज तुम्ही सगळा मला दिलात.

माझं चुकलं.